कागदामागचा पत्ता

रांगेल माणूस सरळ. वाटेत खड्डा आला तर वळसा घालणार नाही, आत उतरेल आणि पलीकडून वर येईल. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा ही नेवेना पाठीमागे बोलते असं कुणी म्हणू नये. त्याचं दुकान आणि माझी फुलांची टपरी भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तो मेलेल्यांचे कागद छापतो, मी मेलेल्यांची फुलं विकते. लग्नाची फुलंही विकते म्हणा, पण आमच्या या लोम गावात आता लग्नं होतात कुठे! पोरं सगळी स्पेनला नाहीतर जर्मनीला. इथे उरलो ते आम्ही, आणि आम्ही काही आता बोहल्यावर चढत नाही.

माणूस गेला की त्याचा कागद लागलाच पाहिजे. वर फोटो, खाली नाव, मग चार ओळी, आणि सगळ्यात शेवटी ‘शोकाकुल’ म्हणून घरच्यांची नावं. हा कागद दारावर लागतो, बस थांब्यावर लागतो, चर्चच्या भिंतीवर लागतो, आणि घरासमोर लिंडनचं झाड असेल तर त्याच्यावर तर लागतोच. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा, पुढे घरच्यांच्या मनाला येईल तितकी वर्षं. पाव आणायला निघालेलं माणूस झाडापाशी थांबतं, वाचतं, “अरेरे” म्हणतं आणि पुढे जातं. मरण झाकून ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. ज्याचा कागद लागला नाही त्याचं कुणी नव्हतं, असंच लोक धरून चालतात.

रांगेल आधी जहाज कंपनीच्या छापखान्यात होता. छापखाना बंद पडला तेव्हा त्याने एक जुनं यंत्र उचलून आणलं आणि हे दुकान टाकलं. बाकीचे छापणारे ठरावीक ओळी घालतात, सगळे मेलेले प्रेमळ आणि कष्टाळू. रांगेल तसं करत नाही. घरच्यांना खुर्चीत बसवतो आणि विचारतो, “ओरडायचा कुणावर? जेवताना काय लपवून खायचा?” एक म्हातारी आयुष्यभर सगळ्यांशी भांडली, तिच्या कागदावर त्याने लिहिलं होतं, ‘आमच्या गल्लीत आता फार शांत वाटतं, आणि ते आम्हाला सहन होत नाही.’ लोक झाडापाशी उभे राहून हसत होते आणि डोळे पुसत होते.

चूक झाली तर तीही तो आपल्या हाताने निस्तरायचा. एकदा शाळेतल्या जुन्या बाईंचं खरं वय छापलं. बाईंनी ते जन्मभर लपवलेलं. लेक तणतणत आली. रांगेलने बादली घेतली, खरवडणी घेतली, आणि अख्ख्या गावातून तो कागद खरवडून काढला. संध्याकाळपर्यंत बाई पुन्हा तरुण झाल्या होत्या.

मग गाव परदेशी गेलं आणि त्याच्या नाकी नऊ आले. बाप इथे मरतो, मुलगा म्युनिकमधून फोन करतो, फोटो फोनवर येतो, मजकूर तिसरीच बहीण पाठवते. सगळी सरमिसळ. एका त्स्वेतानच्या नावावर दुसऱ्या त्स्वेतानचा फोटो लागला. तो दुसरा जिवंत होता, बस थांब्यावर गाडीची वाट बघत उभा. आपला कागद त्याने सावकाश वाचला, दुकानात आला आणि म्हणाला, “रांगेल, मी मेलो तर निदान मला तरी कळवायचंस की रे.”

त्या दिवसापासून रांगेलने ठरवलं की काहीतरी व्यवस्था लावायची. म्युनिकच्याच एका गिऱ्हाइकाने त्याला एआयची वाट दाखवली. म्हणे, काय हवं ते त्याला आपल्या भाषेत सांगायचं, ॲप तो बांधून देतो. रांगेलने त्याला पहिल्याच दिवशी ‘मिस्त्री’ नाव दिलं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

“नमस्कार मिस्त्री. आज आपल्याला एक खिडकी बसवायची आहे. लोक तिथे फोटो टाकतील.”

मी भिंतीवर थाप मारून ओरडायचे, “नमस्कार कशाला घालतोस त्याला? माणूस आहे का तो?”

“काम करणाऱ्याला नमस्कार घालावा, नेवेना. तुला कुणी घालत नाही म्हणून तू जळतेस.”

आणि खरंच, मिस्त्रीने बांधून दिलं. रांगेलला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती, पण दाबलं की चालायचं. परदेशातल्या माणसाने पान उघडायचं, मेलेल्याचं नाव, फोटो, मजकूर भरायचा. खाली आपलं नाव, फोन, आणि राहता पत्ता भरायचा, कारण छापील कागदाची एक प्रत रांगेल टपालाने पाठवायचा. लोकांना ती हवीच असायची. तिकडच्या भाड्याच्या घरात, फ्रिजवर नाहीतर दाराच्या आतल्या बाजूला लावायला. हे सगळं जाऊन पडायचं क्लाऊडवर, म्हणजे कुठल्याशा कंपनीच्या दूरच्या यंत्रात, एका कप्प्यात. झाडावरचा कागद आता फोनवरही दिसायला लागला. रांगेल गावभर छाती काढून फिरायचा.

सुरुवातीला एक अडचण आली होती. स्पेनच्या लोकांना पान उघडेना, ‘परवानगी नाही’ असं यायचं. रांगेलने मिस्त्रीला सांगितलं की सगळ्यांना दिसलं पाहिजे. मिस्त्री म्हणाला, तसं करतो, पण मग कप्प्यातलं सगळंच कुणालाही वाचता येईल. छापील मजकूर वेगळ्या कप्प्यात ठेवू का? हे रांगेलने मला हसत हसत सांगितलं.

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, मिस्त्री, तू परगावचा दिसतोस. हा कागद आम्ही झाडाला लावतो. झाडाला कुणी कुलूप घालतं का? उघड सगळं.”

“आणि उघडलं?”

“लगेच. वर म्हणतो कसा, आता छान चालेल.”

मीही हसले. आमच्या गावात कुणीही हसलं असतं. मरणाच्या कागदात चोरून ठेवण्यासारखं काही असतं, हे आमच्या डोक्यातच येत नाही. त्या कागदाचा धंदाच मुळी सगळ्यांनी वाचण्याचा.

आता त्सोलोचं सांगते. त्सोलो नदीवर मासे धरायचा आणि बाजारात विकायचा. बायको लवकर गेली, एकच मुलगी, स्नेझिना. ती देयानला दिली. देयान दिसायला देखणा, बोलायला साखर, आणि घरात जनावर. स्नेझिना उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालायची, यावरून काय ते समजा. शेवटी एका सकाळी त्सोलोने तिला आणि नातीला माशांच्या खोक्यांआड गाडीत बसवलं आणि निघून गेला. परत आला तो एकटा. कुठे सोडलं ते कुणाला सांगितलं नाही. देयानने त्याची होडी फोडली, जाळी कापली, भर बाजारात गळपट्टी धरली. त्सोलो एवढंच म्हणाला, “मासे घ्यायचे असतील तर घे, नाहीतर पुढे हो.” मी तिथेच होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मलाही त्याने पत्ता सांगितला नव्हता, आणि मी विचारलाही नव्हता.

असा तो म्हातारा आपल्या पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपत राहिला, आणि थंडीत छातीच्या दुखण्याने गेला.

स्नेझिनाने रांगेलला फोन केला तेव्हा मी दुकानात होते. त्याने फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला.

“रांगेलकाका, मला येता येणार नाही. तो दफनाला उभा असेल, माझी वाट बघत.”

“ठाऊक आहे, पोरी. तू येऊ नकोस. आम्ही आहोत ना.”

“कागदावर माझं नाव घाला. फक्त नाव. मी कुठे आहे ते नको.”

“वेडी का काय! एक अक्षर लिहिणार नाही.”

मग ती म्हणाली, “काका, मला एक प्रत पाठवाल? बाबांचा फोटो माझ्याकडे एकही नाही. पळताना काहीच घेतलं नव्हतं. माझ्या दाराला लावायचाय.”

तिने खिडकीत पत्ता भरला. रांगेलने चार ओळी लिहिल्या, त्या मला अजून पाठ आहेत: ‘त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याने नेहमी दिली नाहीत. पण त्याच्या दारात आलेलं माणूस उपाशी गेलं नाही. नदी त्याला ओळखत होती.’ खाली, शोकाकुल: मुलगी स्नेझिना. प्रत जाड पाकिटात घालून रांगेल स्वतः टपालात टाकून आला, आणि तो पत्ता त्याने बायकोलाही सांगितला नाही. इतकी काळजी घेतली त्या माणसाने. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे गावात एकजण म्हणाला की रांगेल बेफिकीर आहे. त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वसंत लागला तेव्हा रांगेलला एक मेसेज आला. योआना नावाची मुलगी, सोफियात कुठल्याशा कंपनीत काम करते. तिची आजी आमच्या गावची, आजीचा कागद बघताना तिच्या लक्षात आलं होतं. रांगेलने तो मेसेज मला वाचून दाखवला. ‘तुमचा कप्पा सताड उघडा आहे, लोकांचे फोन आणि पत्ते मला दिसताहेत, कृपा करून ताबडतोब बंद करा, कसं करायचं ते मी फुकट सांगते.’

“फुकट!” रांगेल म्हणाला. “फुकट म्हटलं की समजायचं.”

त्याचं चुकलं कसं म्हणू? आमच्याकडे भामट्यांनी म्हाताऱ्यांना नुसतं लुटलंय. फोन येतो, तुमच्या लेकीला अपघात झाला, पैसे पिशवीत घालून खिडकीतून खाली टाका. आणि लोक टाकतात! पोलिसांनी रांगेलच्याच यंत्रावर पत्रकं छापून घेतली होती: अनोळखी माणूस तुम्हाला घाबरवत असेल, घाई करत असेल, तर बोलू नका. तीच पत्रकं मेलेल्यांच्या कागदांशेजारी गावभर लागली होती. रांगेलने आज्ञाधारकपणे तेच केलं. योआनाचा नंबर बंद करून टाकला आणि दिवसभर खुशीत होता, की आपण नाही फसलो.

त्सोलोच्या सहा महिन्यांचा दिवस उजाडला. मी फुलं मांडत होते. देयान आला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट.

“नेवेनाकाकू, पांढरी द्या. जोडीने मोजा हं, मेलेल्यासाठी आहेत.”

“कुणासाठी?”

“सासऱ्यांसाठी. शेवटी सासरेच ते.”

मी सम आकड्यात फुलं बांधली, मेलेल्याला आमच्याकडे तशीच देतात. हात नाही म्हणत होते, पण टपरीवर आलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगणार? तो फुलांचा वास घेत उभा राहिला.

“ही कबरीवर ठेवतो. आणि स्नेझिनाला प्रत्यक्ष भेटून सांत्वन करीन म्हणतो. तिकडे स्पेनमध्ये, सारागोसाला या दिवसांत हवा मोठी छान असते. चौथा मजला आहे म्हणे, पण गच्चीतून सगळं दिसत असेल.”

असं म्हणाला आणि मला नमस्कार करून गेला. मला वाटलं, खडा टाकून बघतोय, म्हातारीच्या तोंडून काही निघतं का ते. मला काही ठाऊकच नव्हतं, तर निघणार काय? तशीच रांगेलच्या दुकानात गेले. तो नवा कागद सुकवत होता.

“अरे, देयान आलेला. म्हणतो, स्नेझिना सारागोसात आहे, चौथ्या मजल्यावर. उगाच फेकतोय मेला.”

रांगेलच्या हातातला कागद जमिनीवर पडला. मी त्याला खुर्चीत ढकललं.

“रांगेल, खोटं आहे ना ते?”

“चौथाच मजला आहे,” तो म्हणाला. “पाकिटावर मी लिहिला होता.”

या गावात तो पत्ता दोनच माणसांना ठाऊक होता. एक मातीखाली होता आणि दुसरा माझ्यासमोर बसला होता. मग त्यालाच आठवलं. योआनाचा मेसेज. त्याने तिचा नंबर पुन्हा सुरू केला आणि फोन लावला. पोरगी चांगली, एका शब्दाने टोचून बोलली नाही.

“काका, आधी कप्पा बंद करू, मग बोलू. तुमच्या मिस्त्रीला मी सांगते ते सांगा.”

त्याने सांगितलं. मिस्त्रीने बंद केला. पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. वर पुन्हा म्हणाला, आता सुरक्षित आहे. मला त्या यंत्रावर फुलदाणी आपटावीशी वाटली.

“आता मला सांग,” रांगेल फोनवर म्हणाला, “आमच्या देयानला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. त्याने कुलूप फोडलं कसं?”

“कुलूप नव्हतंच काका. पानावर तुम्हाला अर्धंच दिसायचं, पण बघणाऱ्याच्या फोनपर्यंत सगळंच येत होतं. कुणी तरी आपल्या एआयला विचारलं असेल, या पानामागे आणखी काय आहे ते दाखव. त्याने दाखवलं.”

“माझ्या मिस्त्रीने?”

“त्याच्यासारख्याच कुणी तरी.”

“बरं. मग आता जे गेलंय ते परत आण.”

“काका...” योआना म्हणाली, पण रांगेलने तिला पुढे बोलू दिलं नाही.

“परत आण ना, पोरी. कागद चुकला तर मी खरवडून काढतो, गावातला एकूण एक. इथे काय खरवडायचं ते सांग, मी करतो.”

“काका, तसं करता येत नाही. त्याने वाचलंय. कुणी कुणी वाचलं तेही सांगता येणार नाही, वाचणाऱ्यांची नोंद ठेवायची व्यवस्थाच तिथे केलेली नव्हती.”

रांगेल आपल्या हातांकडे बघत बसला. शाईने काळे झालेले, कागद खरवडून नखं तुटलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्या हातांना काही काम नव्हतं.

स्नेझिनाला फोन लागला तो दुपारी, तिची कामाची पाळी संपल्यावर. फळं भरायच्या कारखान्यात होती ती. देयानचं मीच सांगितलं. मग ती म्हणाली, “रांगेलकाका आहेत तिथे?”

“आहे, पोरी.”

“तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“कुणाला नाही. शपथ घेतो. पण ते... उघडं राहिलं. कागदाच्या मागे.”

“म्हणजे सगळ्यांना दिसत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

तिकडून लहान मुलीचा आवाज आला, आई माझा बूट कुठे आहे. स्नेझिनाने तिला शांतपणे सांगितलं, पलंगाखाली बघ, आणि जाड कोट पण घे. उन्हाळ्याचे दिवस होते. जाड कोट घे म्हणाली, तेव्हा मला समजलं की ती निघाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही दोघं शिव्या खायला तयार होऊन बसलो होतो.

“काका, ऐका. आता कुठे जाते ते तुम्हाला सांगणार नाही.”

“नको सांगूस.”

“फोनही करणार नाही. आणि बाबांच्या वर्षाच्या कागदावर माझं नाव घालू नका. मुलगी असंसुद्धा लिहू नका. नाव दिसलं तर त्याला वाटेल तुमचा माझ्याशी संबंध आहे, आणि तो तुमच्या मानगुटीवर बसेल. त्याला वाटू दे मी विसरले.”

“बापाच्या वर्षाला?” रांगेल कसाबसा म्हणाला.

“हो. विसरले म्हणा.”

फोन बंद झाला. संध्याकाळी लावून पाहिला, तर नंबरच अस्तित्वात नाही असं सांगत होता.

आम्ही पोलिसात गेलो. अधिकारी वयाने माझ्या भाच्याएवढा, नम्र.

“ताई, तो नेमकं म्हणाला काय?”

“सांगितलं ना! सारागोसाला हवा छान असते म्हणाला.”

“आणि?”

“आणि फुलं घेतली.”

“यात मी कुठला गुन्हा लिहू?”

“ती इथे असताना त्याने तिला मारलं ते?”

“तिची तक्रार आहे का? नाही. ती कुठे आहे, तिकडच्या पोलिसांना कळवायला? तेही तुम्हाला ठाऊक नाही.” त्याने पेन खाली ठेवलं आणि रांगेलकडे वळला. “खरं सांगायचं तर या सगळ्यात कायद्याने चूक कुणाची निघाली तर ती तुमची निघेल. लोकांचे पत्ते तुम्ही उघडे ठेवलेत.”

“मग मला धरा,” रांगेल म्हणाला. “आत्ता धरा. पण त्याला थांबवा.”

“तसं होत नसतं, काका.”

मी तिथे जे बोलले त्याबद्दल त्याने मला बाहेर बसवलं. बाहेरच्या बाकावर बसून मी रडले. रागाने रडले, दुसरं काही नाही.

आठवडाभरात देयान गावातून दिसेनासा झाला. त्याची आई म्हणाली, कामाला गेलाय. कुठे? बाहेर.

योआनाने सांगितलं की कप्प्यात ज्यांचे ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना कळवणं भाग आहे. रांगेल फोन घेऊन बसला. “नमस्कार, मी लोमहून रांगेल, कागद छापणारा. तुमचा फोन आणि पत्ता चोरीला गेला असण्याची शक्यता आहे...” निम्म्यांनी पुढचं ऐकलंच नाही. एका बाईने तर त्याला झाडलं, “लाज नाही वाटत मेलेल्यांच्या नावावर लोकांना लुबाडायला? रांगेलला मी ओळखते, तो असा नाही!” रांगेल म्हणाला, “बाई, मीच तो.” तिने फोन आपटला. मी हसले नाही. एरवी वर्षभर चिडवलं असतं.

ॲप त्याने मोडून टाकलं. मिस्त्रीला मात्र बोल लावला नाही. मी लावत होते, रोज. “त्याला एवढी अक्कल होती तर त्याने ऐकलं कशाला तुझं? हात धरून नाही म्हणता येत नव्हतं?”

“त्याने विचारलं होतं, नेवेना.”

“एकदा! एकदा विचारून कुणी गप्प बसतं का? मी तुला फुलांना पाणी घालायला सांगते ते किती वेळा सांगते?”

“त्याला काय ठाऊक, स्नेझिना कोण ते.”

ज्याला स्नेझिना कोण ते ठाऊक नव्हतं, त्याच्या हातात तिचा जीव दिला होता, आणि देताना आम्हाला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. रांगेल दुकानात येतो, फोन टेबलावर उताणा ठेवतो आणि मधूनमधून बघतो. मी म्हटलं, “कशाला बघतोस? नाही करणार म्हणालीय ती.” तो म्हणाला, “हो, सुखरूप असेल तर नाहीच करणार.” मग थोड्या वेळाने, “आणि नसेल तरी नाही करणार.” पुन्हा फोनकडे बघायला लागला. देयान परत आला नाही. ती कुठे आहे ठाऊक नाही, तो कुठे आहे ठाऊक नाही. नकाशा घेऊन बसावं तर बोट कुठे ठेवायचं?

त्सोलोचं वर्ष आलं. सांगणारं कुणी नव्हतं, रांगेलने आपणहून कागद छापला. फोटो तोच, ओळी त्याच. खाली ‘शोकाकुल’ आणि त्यापुढे कोरं. मी म्हटलं, माझं नाव घाल, तुझं घाल. पण घरच्यांच्या जागी परक्यांचं नाव दिसलं तर गाव विचारणारच, हे का, ते कुठे आहेत. तो म्हणाला, “नको. विचारायला नको कुणी.” मग ‘शोकाकुल’ शब्दच काढ म्हटलं, तर त्याचा हात होईना.

मी फुलं घेऊन त्याच्याबरोबर गेले. त्सोलोच्या बंद घरासमोर रांगेलने झाडाला खळ लावली, कागद चिकटवला, ब्रशने कोपरे दाबले. बाजारातून येणारी, त्याच गल्लीतली दोंका थांबली, पिशवी खाली ठेवली आणि वाचायला लागली. खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे काय? याला मुलगी होती ना?”

रांगेल ब्रशने तोच कोपरा पुन्हा दाबत राहिला.

“बापाने तिच्यासाठी होडी फोडून घेतली, गळपट्टी धरून घेतली, आणि या बयेला वर्षाच्या कागदावर नाव घालायला झालं नाही? पोटची पोर ही, का दगड?”

शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. आयुष्यात मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. मी रांगेलकडे पाहिलं. त्याने ब्रश बादलीत टाकला, हात पुसले, आणि दोंकाकडे न बघता म्हणाला, “विसरली, झालं. तिकडे गेल्या की विसरतात पोरी.”